मनगट सुटत नव्हतं, आवाज फुटत नव्हता

पत्र (थोडक्यात): मी 41 वर्षांची, कोथरूडला राहते. रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जायचे. डिसेंबरात एका सकाळी मागून आलेल्या माणसानं माझं मनगट धरलं. मी ओरडले नाही, हात सोडवायचंही सुचलं नाही. वरून दोघं-तिघं बोलत उतरत होते, म्हणून तो पळाला. घरी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून टेकडी बंद. आता स्वसंरक्षण शिकायचंय. घरी 'वजन कमी करायचंय' म्हटलं, तर नवरा म्हणाला, चाळिशीत कसलं कराटे? डावा गुडघाही कुरकुरतो. भीतीपोटी शिकणं बरोबर आहे का? आणि शिकायचं तर काय?

प्रिय ताई,

आधी त्या सकाळबद्दल. तुम्ही ओरडला नाहीत याची बोच तुमच्या पत्रात सतत जाणवते. अचानक पकड बसली की अंग थिजणं, घसा बंद होणं ही शरीराचीच प्रतिक्रिया आहे. भल्याभल्या धडधाकट माणसांचं तसं होतं. त्यात तुमचा भित्रेपणा नाही आणि चूक तर मुळीच नाही.

भीतीपोटी शिकणं अगदी बरोबर आहे. क्राव मागा ही स्वसंरक्षणाची पद्धतच मुळी भीतीच्या दिवसांत आकाराला आली. 1930च्या दशकात ब्रातिस्लाव्हा शहरात ज्यूंवर हल्ले होत होते, तेव्हा इमी लिख्टेनफेल्ड या कुस्तीगीर-बॉक्सरनं रस्त्यावरच्या मारामारीत काय चालतं आणि काय चालत नाही हे पाहून तिचा पाया घातला. त्यामुळे कारणाची लाज नको. फक्त ते नेमकं ओळखा, कारण काय शिकायचं हे त्यावरच ठरतं. तुम्हाला कुणाला लोळवायचं नाही. कुणी धरलं तर थिजायचं नाही आणि सुटून पळायचं, एवढंच तुमचं काम आहे.

म्हणून कराटे आणि तायक्वांदो तुमच्यासाठी मी मागे ठेवीन. दोन्ही चांगल्या विद्या आहेत, पण बऱ्याच बॅचेस मुलांच्या असतात आणि बराच वेळ हवेतल्या ठोशा-लाथांत व बेल्टच्या परीक्षांत जातो. तिथे तुम्हाला कुणी घट्ट धरतच नाही. ज्युदोत धरणं भरपूर आहे, पण फेकाफेकीत गुडघ्यावर पीळ बसतो. तुमच्यासाठी माझी पसंती ब्राझिलियन जिउ-जित्सूला. त्यात सराव बराचसा जमिनीवर, बसून किंवा पाठीवर पडून चालतो, आणि समोरचा खरोखर जोर लावत असताना सुटायचं असतं. तसा क्लास जवळ नसेल तर क्राव मागा, पण क्लास पारखून. त्यात शिकवणाऱ्यांचा दर्जा फार वरखाली असतो.

पारखायचं कसं? पैसे भरण्याआधी एक अख्खा तास बाजूला बसून बघा. जोडीदार खरा जोर लावतो की हात लावताच आपण होऊन पडतो? कुणी थोपटून 'टॅप' केलं, म्हणजे 'बस, सोड' अशी खूण केली, की पकड त्या क्षणी सुटते का? मॅट साधारण 4 सेंटिमीटर जाडीची आणि फटी नसलेली आहे का? सर 'पळा' हे शिकवतात का? पहिल्याच महिन्यात चाकू हिसकावायला शिकवत असतील तर तिथून निघा. चाकूपुढे बॅग, मोबाईल टाकून पळणं हाच शहाणपणा. एका दिवसाच्या शिबिरातून माहिती मिळते, सवय लागत नाही. सवयीसाठी आठवड्यातून दोनदा, निदान सहा महिने धरून चाला.

आता मनगटाचं सांगते, कारण तेच तुमच्या डोक्यात अडकलंय. धरणाऱ्याच्या पकडीत एका बाजूला चार बोटं असतात, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. कमजोर जागा तीच, अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती. घाबरल्यावर आपण हात सरळ ठेवून मागे ओढतो आणि तिथेच फसतो, कारण तेव्हा आपल्या एका हाताची ताकद त्याच्या सगळ्या शरीराशी झुंजते. उलट करायचं. मूठ वळा, अर्धं पाऊल त्याच्याकडे टाका, कोपर वाकवून त्याच्या हाताकडे न्या आणि मनगटाची अरुंद कड त्या फटीतून झटक्यात बाहेर काढा. दोन्ही हातांनी धरलं असेल तर दुसऱ्या हातानं स्वतःचीच मूठ पकडून दोन्ही हात एकदम वर खेचा. पाय जागेवर रोवून ठेवले की हे फसतं. अंग पुढे गेलं की जमतं.

याच्याबरोबर आवाजही हवा. प्रत्येक वेळी हात सोडवताना 'सोड!' असं पोटातून ओरडायचं, क्लासमध्ये कितीही अवघडल्यासारखं वाटलं तरी. गप्प राहून सराव केलात तर वेळेला गप्पच राहाल. मारायचीच वेळ आली तर बंद मुठीऐवजी तळहाताची टाच वापरा, मुठीनं डोक्यावर मारताना करंगळीमागचं हाड मोडतं. बोटांमध्ये किल्ल्या धरण्याचा सल्ला सोडून द्या, त्यानं आपलीच बोटं फाटतात. आणि पडताना हात मागे टेकू नका. हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करा, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर जमिनीवर आपटा. हे पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवं.

गुडघा आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि सरांना पहिल्या दिवशी सांगा. आणखी एक गोष्ट सांगायची: मागून धरण्याचा सराव सध्या नको, किंवा आधी विचारून करा. तशी पकड बसताच रडू येऊ शकतं, अंग पुन्हा थिजू शकतं. जे सर हे ऐकून हसतील, त्यांच्याकडे शिकू नका. डिसेंबरनंतर झोप अजून उडत असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, तर क्लासच्या जोडीनं समुपदेशकही गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

कायद्याचं थोडक्यात: 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात. हल्ला चालू असेपर्यंत, गरजेपुरतं. तो पडल्यावर लाथा घालणं यात बसत नाही. त्या माणसाविरुद्ध तक्रार तुम्ही आजही देऊ शकता, कुठल्याही पोलीस ठाण्यात. जबाब महिला अधिकारीच घेतील. तातडीला 112.

टेकडीवर परत जाल तेव्हा सुरुवातीला उजाडल्यावर आणि सोबतीनं जा. पेपर स्प्रे घेतलात तर तो हातात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको. वाऱ्याकडे तोंड करून मारू नका.

नवऱ्याचं राहिलं. का शिकताय याचा हिशेब कुणाला द्यायला तुम्ही बांधील नाही, चाळिशीतल्या बाईनं तर नाहीच. पण पहिल्या महिन्यात पकडींमुळे दंडावर, मनगटावर निळे-हिरवे डाग पडतात. ते बघून घरातून प्रश्न येईल आणि वजनाचं कारण तिथे पुरणार नाही. तो दिवस यायच्या आत, एखाद्या संध्याकाळी चहाला बसल्यावर एवढंच सांगा: "डिसेंबरात टेकडीवर एकानं माझा हात धरला होता. मला काही झालं नाही. पण मला सुटता आलं नाही, म्हणून मी शिकणार आहे."