लॅन पोर्टवरचा 240 किलोहर्ट्झचा उंचवटा

प्रश्न : आमचा नेटवर्क रेकॉर्डर 12 व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो. सीआयएसपीआर 32 (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या विद्युत गोंगाटाचं मानक), क्लास बी (घरगुती वापराची मर्यादा) चाचणीत मेन्सची बाजू पास झाली. लॅन पोर्टवर मात्र 240 किलोहर्ट्झला अ‍ॅव्हरेज 76 डीबी मायक्रोव्होल्ट आले. केबलला फेराइटची क्लिप लावली, तरी काडीचा फरक नाही. बोर्ड बदलायचा का? — एक वाचक, वेर्णा

उत्तर : बोर्डाला एवढ्यात हात लावू नका. अ‍ॅव्हरेजची मर्यादा 150 किलोहर्ट्झला 74, तिथून उतरत 500 ला 64. म्हणजे 240 ला साधारण 70. तुम्ही 6 डीबीने वर आहात. पण आधी लॅबला विचारा, की एएएनचा (लॅन केबल ज्याला जोडून गोंगाट मोजतात तो 150 ओहमचा डबा, जुन्या भाषेत आयएसएन) साडेनऊ डीबीचा फॅक्टर रिसीव्हरमध्ये भरलेला असताना रिपोर्टमध्ये पुन्हा मिळवला नाही ना. तसं झालं असेल, तर खरा आकडा 66.5 आणि तुम्ही पास.

दुसरं, रेकॉर्डर बंद ठेवून एकदा मोजा. उंचवटा तरीही दिसला तर तो केबलच्या पलीकडच्या नेटवर्क स्विचचा. एएएन ग्राउंड प्लेनला जोडणारी पट्टीही बघा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांबं हिरवं पडतं. स्क्रूखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासा.

एवढं करूनही उंचवटा राहिला, तर रेकॉर्डर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. उंचवटा गेला, की दोषी अ‍ॅडॅप्टर. त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समधून स्विचिंगचा आवाज (विद्युत गोंगाट) 12 व्होल्टच्या ग्राउंडवर येतो आणि लॅन केबलने एएएनच्या 150 ओहममधून परततो. मेन्सकडे पास होऊन इथे अडकण्याचं कारण बहुधा हेच.

क्लिप का चालली नाही? ती कितीतरी पट वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी असते. 240 किलोहर्ट्झला एका फेऱ्यात मोजकेच ओहम मिळतात, समोर एएएनचे 150. तपासणीपुरते मँगनीज-झिंक फेराइटच्या रिंगवर केबलचे 5 फेरे घ्या. इम्पीडन्स साधारण 25 पट होतो.

कायमचा इलाज उगमापाशी, कारण कपॅसिटन्समधून येणारा आवाज चोकला (फेराइटवरच्या अशा फेऱ्यांना) फारसा जुमानत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी-सेकंडरीमध्ये वाय 1 कपॅसिटर (अशा जागी लावायचा सुरक्षा-वर्गाचा कपॅसिटर) असलेला अ‍ॅडॅप्टर मागवा. 2.2 नॅनोफॅरडला 230 व्होल्टवर गळती सुमारे 0.16 मिलिअँपिअर येते, ती सुरक्षा चाचणीच्या मर्यादेशी ताडून घ्या. बाहेरून आणलेला अ‍ॅडॅप्टर उघडून स्वतः कपॅसिटर टाकू नका. त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र तिथेच संपतं.