आधी मटेरियल बघ, थिअरी नंतर
अरे, अमेरिकन आर्टिस्ट बघताना सुरुवातीलाच थिअरीच्या नादी लागू नको, आधी बघ वस्तू आली कुठून. मार्क ब्रॅडफर्ड घे, लॉस एंजेलिसचा, आईच्या सलूनमध्ये काम करायचा, तिथे पर्म करताना, म्हणजे केस कुरळे करताना, केसांच्या टोकांना गुंडाळतात ना ते पातळ कागद, तेच याने कडा जाळून ओळीने कॅनव्हासवर चिकटवले, लांबून बघितलं की चक्क शहराचा नकाशा वाटतो. पुढे रस्त्यावरची पोस्टर्स, थरावर थर, मग सँडरने घासायचं. कॅरा वॉकरने तर २०१४ ला ब्रुकलिनच्या जुन्या साखर कारखान्यात भलीमोठी साखरेची स्फिंक्स, म्हणजे सिंहासारखी बसलेली बाईची मूर्ती, उभी केली, साखरेमागची गुलामगिरी दाखवायला. आतून फोम होता हां, वरून साखर. फोटो झूम करून कडा बघत जा, मी दोन वर्षं नुसता लांबूनच बघत बसलेलो.