वाचकांचे प्रश्न : पट्टीवरची वागीश्वरी

प्रश्न : आजोबांचा कराडात फोटो स्टुडिओ होता, 1953 साली काढलेला. परवा माळा आवरताना त्यांचा लाकडी स्टँडचा कॅमेरा सापडला. लेन्सच्या पितळी नळीवर 'रॅपिड रेक्टिलिनियर' असं कोरलंय आणि कडेनं 4, 8, 16, 32, 64 असे आकडे आहेत. कंपनीचं नाव नाही. लेन्सपुढे लाकडी चौकोनी शटर आहे, त्यावर 'थॉर्नटन-पिकार्ड, ऑल्ट्रिंगम'. अंगावरच्या पितळी पट्टीवर इंग्रजीत 'वागीश्वरी' असं लिहिलंय, पुढची अक्षरं झिजलीत. आजी सांगायची, आजोबांनी सरस्वतीचं नाव घालून घेतलं. मुंबईचा एक व्यापारी म्हणतो, हा 1890 चा विलायती कॅमेरा आहे, नावाची पट्टी नंतर कुणीतरी ठोकली. कुणाचं खरं?
(एक वाचक, कराड)

उत्तर : आजीचं निम्मं खरं, व्यापाऱ्याचंही निम्मंच. वागीश्वरी म्हणजे सरस्वती, त्यात आजी चुकली नाही. पण ते नाव आजोबांनी घातलेलं नाही. ते कारखान्याचं नाव आहे. केरळात अलेप्पीला, म्हणजे आताच्या अलप्पुळ्याला, 'वागीश्वरी कॅमेरा वर्क्स' होतं. के. करुणाकरन नावाच्या गृहस्थांनी 1940 च्या दशकात तिथे लाकडी फील्ड कॅमेरे बनवायला सुरुवात केली. घरची परंपरा वाद्यं दुरुस्त करण्याची. मला यात काहीच नवल वाटत नाही. पेटीचा भाता ज्याला बसवता येतो त्याला कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्सच्या मागची चामड्याची घड्याघड्यांची पेटी, अवघड नाही. आमच्या वस्तादांकडे भात्याला भोक पडलेला कॅमेरा आला की ते मला एस.टी.त बसवून मिरजेला पेटीवाल्याकडे पाठवायचे. चामडं कुठे पातळ करायचं आणि घडी कुठे मोडायची, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळायचं.

तर तुमच्या कॅमेऱ्याचं लाकूडकाम 1940 च्या दशकाच्या अलीकडचं. स्टुडिओ 1953 चा, म्हणजे हिशोब बसतो. त्या काळात देशभरच्या स्टुडिओंत वागीश्वरी दिसायचे, विलायती माल परवडत नव्हता आणि मिळतही नव्हता. झिजलेली अक्षरं वाचायची असतील तर अंधारात पट्टीवर टॉर्च अगदी आडवा धरा. 'अले...' दिसलं तर शंकाच मिटली.

आता लेन्स. ती मात्र कॅमेऱ्यापेक्षा वयानं बरीच मोठी आहे. रॅपिड रेक्टिलिनियर ही रचना लंडनच्या डालमायरनं 1866 साली आणली. त्याच वर्षी जर्मनीत श्टाइनहाइलनं तशीच दुसरी काढली, नाव ठेवलं अप्लानॅट. पुढची पन्नासएक वर्षं जो तो तिची नक्कल करत होता, म्हणून नुसत्या नावावरून साल ठरवायला जाऊ नका. तुमच्या लेन्सचं साल तिच्या आकड्यांत आहे. लेन्सचं भोक किती उघडं आहे ते सांगणारे जे एफ आकडे आज आपण वापरतो ते 8, 11, 16, 22, 32 असे जातात. तुमचे आकडे दर पायरीला दुप्पट होतात. ही जुनी 'युनिफॉर्म सिस्टिम', लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं 1881 साली सुचवलेली. तिचा 4 म्हणजे आपला एफ 8, तिचा 8 म्हणजे एफ 11, आणि 16 म्हणजे 16च. दोन्ही पद्धती भेटतात त्या तेवढ्या एका आकड्यावर. 1920 च्या आसपास ही पद्धत मागे पडली. तेव्हा लेन्स 1881 आणि 1920 यांच्या मधली. (तिच्यानं फोटो काढणार असाल तर हे लक्षात ठेवा. नाहीतर 64 वर ठेवून एफ 64 चा वेळ द्याल आणि निगेटिव्ह चौपट उजेड खाऊन काळी होईल.)

शटरचंही तसंच. थॉर्नटन-पिकार्ड ही मँचेस्टरची जोडी, 1888 पासूनची. 1891 ला कारखाना ऑल्ट्रिंगमला गेला. पट्टीवर ऑल्ट्रिंगम आहे म्हणजे शटर त्यानंतरचं. आत रबर लावलेल्या कापडाचा पडदा असतो, दोरी ओढली की वर गुंडाळला जातो, रबरी फुगा दाबला की सुटतो. बाजूच्या चकतीवर बहुतेक 15 ते 90 असे आकडे असतील, म्हणजे सेकंदाचा पंधरावा ते नव्वदावा भाग. दोरी ओढून बघायचा मोह आवरा. पडद्याचं रबर आता पापडासारखं झालं असणार. स्टुडिओत तसंही हे शटर फार कुणी वापरत नसे. लेन्सची टोपी हातानं काढायची, "हलू नका" म्हणायचं, मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत घालायची.

व्यापाऱ्यानं लेन्स आणि शटर पाहिलं आणि सगळ्या कॅमेऱ्याला तेच वय लावलं. पट्टी सोयीची नव्हती म्हणून 'कुणीतरी ठोकली'. ती खरंच नंतरची असेल तर खाली लाकडाचा रंग वेगळा असेल, जुन्या पट्टीची भोकं बुजवलेली दिसतील. एक स्क्रू हलकेच काढून बघा. आणि हा व्यवसाय कसा चालायचा तेही ध्यानात घ्या : लाकूडकाम एकाकडून, लेन्स बंद पडलेल्या स्टुडिओच्या लिलावातून, शटर तिसरीकडून. तुमच्या आजोबांनी नव्या देशी कॅमेऱ्याला जुनी विलायती लेन्स लावली, म्हणजे पैसे नेमके जिथे घालायचे तिथे घातले. स्टुडिओची जमाखर्चाची वही घरात कुठे असेल तर शोधा. तिच्यात खरेदीची तारीखच सापडेल, मग माझी गरज नाही.

'देशी' म्हटल्यावर वाचकांचं तोंड उतरतं, हा माझा अनुभव. का, ते मला कळत नाही. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. विलायती लाकडी कॅमेरे जगभर पडलेत. मला विचाराल तर मी वागीश्वरी ठेवून घेईन.

प्रश्न : इथे एका गराज सेलमध्ये मोठा लाकडी कॅमेरा घेतला. विकणाऱ्या आजी 1880 चा म्हणाल्या. चकतीवर 'सेंच्युरी कॅमेरा डिव्हिजन, ईस्टमन कोडॅक कंपनी, रॉचेस्टर' आहे. लेन्स टेसार आहे, उजेडात धरली की जांभळट चमकते.
(न्यू जर्सीहून)

उत्तर : 1880 विसरा. सेंच्युरी कंपनीच मुळात 1900 ची, कोडॅकनं ती 1903 ला घेतली आणि 'डिव्हिजन' हे नाव 1907 ते 1917 इतकंच चाललं. एवढ्या नेमक्या चकत्या फार कमी भेटतात. लेन्स मात्र त्या कॅमेऱ्याबरोबर आलेली नाही. टेसारची रचना 1902 ची, पण ती जांभळी झाक म्हणजे काचेवरचा लेप. त्याचा शोध त्साइस या जर्मन लेन्स कंपनीकडे 1935 चा, बाजारात सर्रास आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

प्रश्न : चोरबाजारात पितळ मढवलेला कॅमेरा तिपाईसकट मिळाला. फोटो सोबत.
(नाशिक)

उत्तर : भाता पूर्ण उघडतो का? मागे चित्र बघायची घासलेली काच आहे का? फोटोची प्लेट ठेवायची स्लाईड सरकवायला खाच आहे का? फोटोत यातलं काही दिसत नाही, आणि तिपाईला चौफुलीचे, आपण स्टार म्हणतो ते स्क्रू आहेत. ते 1930 च्या दशकात आले. हे दिवाणखान्यासाठी केलेलं शोपीस आहे. दिवाणखान्यात छान दिसेल.

प्रश्न : पणजोबांच्या कॅमेऱ्याचं पितळ काळं पडलंय. चकचकीत करून घ्यावं का?
(सांगली)

उत्तर : नको. हे मी चूक करून शिकलोय. दुकानात लागून सहा महिने झाले असतील, वस्ताद जेवायला गेले होते. वॉटसन या विलायती कंपनीच्या एका कॅमेऱ्याचं पितळ मी पॉलिशनं घासून आरशासारखं केलं. त्या पितळावर कारखान्यातच पातळ सोनेरी रोगण दिलेलं असतं, ते सगळं निघालं, आणि बनवणाऱ्याच्या नावाची बारीक अक्षरं पांढऱ्या पेस्टनं भरली. वस्ताद आले, बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जाताना हातात सुई दिली. पुढचे दोन दिवस मी एकेका अक्षरातून पॉलिश उकरत होतो.

कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा, बस्स. भात्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतील, ती तेवढी ब्रशनं काढा. भाता ताणू नका, जेवढा आपसूक उघडेल तेवढाच उघडा.