सीएफडीचा, म्हणजे हवा-पाण्याचे प्रवाह आकडेमोडीने सोडवण्याच्या रीतीचा, शोध कम्प्युटर आल्यानंतरच लागला ना?

कॉलेजात असताना माझाही हाच समज होता: आधी कम्प्युटर आला, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की यावर हवा-पाण्याचे प्रवाह सोडवून बघू. आता माझं पोट सीएफडीवरच चालतं, म्हणून सांगतो, घडलं ते उलटं. रीत आधीची, यंत्र नंतरचं.

प्रवाहाची समीकरणं एकोणिसाव्या शतकातली, नेव्हिए आणि स्टोक्स यांची. मोजके सोपे प्रकार सोडले तर ती कागदावर थेट सुटत नाहीत. मग जागेचे चौकोन पाडायचे आणि शेजारपाजारच्या आकड्यांवरून प्रत्येक चौकोनातला आकडा काढायचा. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रजाने १९१० च्या सुमारास याच पद्धतीने दगडी धरणातले ताण काढले. आकडेमोडीला पोरं लावली होती आणि मजुरी कामावर: आकडा जितके अंकी, त्याला १८ ने भागून येतील तितके पेन्स, दर बिंदूमागे. म्हणजे तीन अंकी आकड्याला पेनीचा सहावा हिस्सा. चपळ पोरगा आठवड्याला २००० गणितं उरकायचा, चुकलेली धरायची नाहीत. ‘कम्प्युटर’ हा शब्दही तेव्हा आकडेमोड करणाऱ्या माणसालाच होता.

पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करता करता त्याने हवामानाला हात घातला. २० मे १९१० या उलटून गेलेल्या दिवसाचा, फक्त सहा तासांचा अंदाज. उत्तर आलं: सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढणार! प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. गडी असा की १९२२ च्या पुस्तकात हा फसलेला हिशोब त्याने जसाच्या तसा छापला. शिवाय ६४,००० माणसं एका प्रचंड सभागृहात बसवली तर हवामानाच्या बरोबरीने गणित पळेल, असंही लिहिलं. चूक रीतीत नव्हती, सुरुवातीच्या नोंदींमध्ये होती. त्या नोंदी नीट गाळून घेतल्या की तीच रीत समंजस उत्तर देते, हे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी पुढे दाखवलं.

१९२८ मध्ये कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी एक अट मांडली. सोप्या भाषेत, एका वेळपावलात लाट एका चौकोनापेक्षा पुढे जाता कामा नये, नाहीतर आकडे भरमसाट वाढत जाऊन गणित फुटतं. रात्री लावलेला रन सकाळी फुटलेला दिसला की मी आजही आधी कूरांट नंबरच, म्हणजे ही अट पाळली गेली का तेच, बघतो.

हाताने करणारे बरेच दिवस टिकून होते. १९५३ मध्ये जपानच्या कावागुती यांनी गोल दांड्याभोवतीचा एक प्रवाह टेबलावरच्या यांत्रिक गणकावर सोडवला, आठवड्याला २० तास, असे १८ महिने. आज तो माझ्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत सुटतो. तोवर एनियॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कम्प्युटरवर हवामानाचे अंदाज होऊन गेले होते (१९५०, २४ तासांचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले), आणि पुढे १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत फ्रान्सिस हार्लो यांचा गट कम्प्युटरवर प्रवाह सोडवायच्या कामाला लागला.

कारखान्यांपर्यंत हे पोचलं त्यात मात्र आपल्या पुण्याच्या माणसाचा मोठा हात आहे. सुहास पाटणकर. पुण्यात इंजिनिअरिंग, आयआयटी मुंबईत एमटेक, मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याकडे पीएचडी. अडचण दाबाची होती. पाण्यासारख्या न दबणाऱ्या द्रवात दाबाला स्वतःचं असं समीकरणच नसतं. या दोघांनी १९७२ मध्ये दिलेली ‘सिम्पल’ पद्धत एखाद्या खातेवहीसारखी आहे. दाब अंदाजाने धरा, त्यावरून वेग काढा, मग प्रत्येक चौकोनात आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी जुळतं का बघा. फरक राहिला तर त्यावरून दाब दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून. फरक नगण्य होईपर्यंत.

यात एक मेख आहे. दुरुस्ती सगळीच्या सगळी लावली तर गणित बिथरतं, थोडी थोडीच लावावी लागते. आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये दाबापुढे ०.३ (दुरुस्तीचा तेवढाच हिस्सा लावायचा) आधीच भरलेलं असतं, ते याचसाठी. टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण, लवकर उरकेल म्हणून, पहिल्या आठवड्यात ते १ करून बघतोच. मीही केलं होतं.