डिझेल की पेट्रोल? कॅरव्हॅन जोडून उलुरूला निघण्याआधी

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो. सध्या टोयोटाची आरएव्ही-फोर हायब्रिड आहे. पुढच्या वर्षी दोघंही लांब रजा काढून, मुलांना घेऊन उलुरू, डार्विन, ब्रूम, पर्थ आणि नलार्बरवरून परत अशी मोठी फेरी करणार आहोत. बघून ठेवलेल्या कॅरव्हॅनचा एटीएम, म्हणजे सामानासकट चालणारं कमाल वजन, २३०० किलो आहे. नवऱ्याच्या मनात जुनी निसान पॅट्रोल व्ही-एट आहे, म्हणजे पेट्रोलवरची. मला टोयोटाची डिझेल प्राडो बरी वाटते, पण शहरात डिझेलचा फिल्टर चोंदतो म्हणतात आणि रोज शाळा-स्टेशनला गाडी मीच नेते. की सरळ इलेक्ट्रिक घ्यावी? – एक वाचक, टार्नीट

उत्तर : ताई, आरएव्ही-फोर या विचारातून आधीच काढून टाका. तिची ओढण्याची मर्यादा तुमच्या कॅरव्हॅनच्या वजनापेक्षा बरीच कमी आहे, त्यावर चर्चाच नको. उरलेल्या दोन गाड्यांत मी तुमच्या बाजूने आहे, डिझेल घ्या. पण त्याची कारणं नीट समजून घ्या, कारण तुमच्या यजमानांचा मुद्दाही पोकळ नाही.

‘डिझेलला ताकद जास्त’ असं सगळे म्हणतात. कागद बघितला तर पॅट्रोलचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, ५६० न्यूटन-मीटर आहे आणि प्राडोचा ५००. म्हणजे पेट्रोलवालीच पुढे. फरक आहे तो हा टॉर्क कधी मिळतो यात. पॅट्रोलला त्यासाठी ४००० आरपीएमपर्यंत जावं लागतं, प्राडोला तो १६०० वरच मिळतो. आमच्या सांगलीकडे उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर संथ घुमत चढ चढतो, तसंच हे काम. ॲडलेडहून मेलबर्नकडे निघताना साउथ ईस्टर्न फ्रीवेची जी चढण लागते, तिथे मागे अडीच टन असताना पेट्रोल इंजिन ओरडत चढतं आणि डिझेल शांतपणे. दोन्ही चढतात, हेही खरं.

खरा फरक पडतो तो टाकीत. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा बाराएक टक्के जास्त ऊर्जा असते, शिवाय डिझेल इंजिन ती वापरतंही चांगली. उत्तरेकडून परतलेल्या गाड्या माझ्याकडे सर्व्हिसला येतात तेव्हा मी मालकांना खप विचारतोच. तुमच्याएवढी कॅरव्हॅन मागे असली की डिझेलवाले शंभर किलोमीटरला १५ ते १७ लिटर सांगतात आणि व्ही-एट पेट्रोलवाले २४ च्या आसपास. म्हणजे नव्या प्राडोची ११० लिटरची टाकी साडेसहाशे किलोमीटर जाईल आणि पॅट्रोलची १४० लिटरची पावणेसहाशे. टाकी मोठी असूनही पल्ला कमी. तुमची फेरी साधारण १२,००० किलोमीटरची होईल. त्यात जवळपास हजार लिटरचा फरक पडतो आणि आतल्या भागात इंधन शहरापेक्षा बरंच महाग असतं. यजमानांना जुनी पॅट्रोल किती स्वस्त पडते ते या हिशेबासमोर मांडून बघा.

आता पंप. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे पूर्ण डांबरी आहे आणि त्यावर दोन्ही इंधनं मिळतात. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी हे अडीचशे किलोमीटर मधे काहीच नाही, पण तेवढं कुठलीही गाडी सहज काढेल. या रस्त्यावर ५३ मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, रात्रंदिवस धावतात, त्या सगळ्या डिझेलवर. त्यामुळे डिझेलची आवक सतत चालू असते. पेट्रोलची अडचण वेगळी आहे. पॅट्रोलला कंपनी ९५ ऑक्टेन सांगते. आतल्या बऱ्याच पंपांवर, विशेषतः उलुरूहून पश्चिमेला जाणाऱ्या ग्रेट सेंट्रल रोडवर, पेट्रोल म्हणून फक्त ओपल (हुंगून नशा येऊ नये म्हणून बनवलेलं खास पेट्रोल) मिळतं आणि ते ९१ चं असतं.

या ओपलबद्दल लोक कुरकुर करतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने कितीतरी कोवळी मुलं गेली, कितीतरी जन्माची अपंग झाली. नशा येते ती पेट्रोलमधल्या ॲरोमॅटिक घटकांनी. साध्या पेट्रोलमध्ये ते पंचवीसएक टक्के असतात, ओपलमध्ये पाच. २००५ पासून ते त्या भागात येऊ लागलं आणि व्यसन झपाट्याने कमी झालं. ९१ वर चालणाऱ्या गाडीला त्याने काहीही होत नाही. ९५ मागणारी गाडी घेऊन तिथे जायचं की नाही हा आपला प्रश्न आहे, त्या वस्त्यांचा नाही. डिझेलला ही अडचणच येत नाही.

तुमची फिल्टरची शंका मात्र अगदी रास्त आहे आणि विकणारे ती उडवून लावतात. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी एक्झॉस्ट चांगला तापला तरच जळते. घर ते स्टेशन चार किलोमीटर, तिथून शाळा, परत घर, यात तो तापतच नाही. लांबच्या प्रवासात हा त्रास होणार नाही, तो उरलेल्या वर्षभरात होईल. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा जिलॉंगच्या दिशेने फ्रीवेला अर्धा तास सलग चालवा. फिल्टर साफ होत असल्याची खूण डॅशबोर्डवर आली की घर आलं म्हणून इंजिन बंद करू नका, एक फेरी जास्त मारा. आणि त्या वेळी वाळक्या गवतावर गाडी कधीही उभी करू नका, खालचा भाग आग लावण्याइतका तापलेला असतो. आठवड्याचा हा अर्धा तास काढणं जमणार नसेल तर मला आत्ताच सांगा, मग मी पॅट्रोलच्या बाजूने बोलेन.

डिझेलचं दुसरं दुखणं म्हणजे पाणी. आजच्या इंजेक्शन पंपाला पाण्याचे चार थेंबही सोसत नाहीत आणि दुरुस्ती हजारो डॉलरची असते. जिथे ट्रक थांबतात तिथे भरा, त्या टाक्यांत इंधन शिळं होत नाही. फक्त ट्रकच्या हाय-फ्लो नळीला हात लावू नका, ती जाड असते आणि तुमच्या टाकीत बसत नाही. एक जादा फ्युएल फिल्टर सोबत ठेवा आणि निघण्याआधी तो बदलायला शिकून घ्या. इंधनात पाणी असल्याची वॉर्निंग आली की गाडी तिथेच थांबवा.

इलेक्ट्रिक या फेरीला नको. कॅरव्हॅन जोडली की पल्ला जवळपास निम्मा होतो आणि बहुतेक चार्जरवर ती सोडून ठेवल्याशिवाय गाडी आत शिरत नाही. मुलांसोबत चाळीस अंशात हे रोज करवणार नाही.

आणि इंधनापेक्षा मला काळजी वजनाची आहे. ‘३५०० किलो ओढते’ या जाहिरातीवर जाऊ नका. समजा गाडीला ६०० किलो भार चालतो. टोबॉलवर, म्हणजे कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर, कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग येतो, म्हणजे २३०. तुम्ही चौघं अडीचशे. उरले १२०, त्यात बुलबार, दुसरी बॅटरी, पाणी, मसाल्यांचे डबे. छतावर जेरीकॅन लावायचा विचार असेल तर तो आधीच सोडा. वेग नव्वदच्या आत ठेवलात तर त्याची गरजही पडणार नाही, कारण वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि नलार्बरवर समोरचा वारा असला की खप डोळ्यांदेखत चढतो.

पैसे भरण्याआधी कॅरव्हॅनच्या प्लेटचा फोटो आणि सामान भरून वजनकाट्यावर केलेल्या वजनाची पावती मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. प्राडोचा जीव्हीएम (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) आणि जीसीएम (गाडी आणि कॅरव्हॅन मिळून कमाल वजन) धरून आकडे मांडून देतो.