वाचकांचे प्रश्न : उकलता येणारा सांधा

प्रश्न : मी इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. जपानी सुतारकाम पाहून एकही खिळा न वापरता टेबल करते आहे. शिक्षक म्हणाले, ‘दिसतंय छान, पण यात शाश्वत काय?’ मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शिक्षकांनी नेमकं बोट ठेवलंय. जपानी सुतारांना खिळ्याचं वावडं कधीच नव्हतं. नारा प्रांतातल्या होर्युजी मंदिरात हातानं घडवलेले लोखंडी खिळे आहेत, आणि तिथल्या इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणल्या जातात. त्या टिकल्या, कारण त्या उकलता येतात. तिथला पाच मजली पॅगोडा विसाव्या शतकात सुटा करून, खराब झालेले भाग बदलून पुन्हा उभा केला.

तुम्ही ‘कानावा-त्सुगी’ हा सांधा जरूर अभ्यासा. माझा तो फार लाडका आहे. जुन्या जपानी घरांत लाकडी खांब दगडावर उभा असतो. खालून ओल चढते, बुंधा कुजतो, वरचा खांब मात्र ठणठणीत. मग सुतार वरचा भार जॅकवर तोलून धरतो, कुजका भाग कापून काढतो आणि तिथे नवा तुकडा जोडतो. दोन्ही टोकांना हुबेहूब सारख्या खाचा असतात. ती एकमेकांत सरकवली की मधोमध चौकोनी भोक उरतं. त्यात कडक लाकडाची खुंटी ठोकली की दोन्ही टोकं आपापल्या खाचेत करकचून बसतात. तीच खुंटी ठोकून बाहेर काढली की सांधा मोकळा! एका हातभर तुकड्यावर अख्खा खांब वाचतो.

लाकडाची ही कदर जपानमधल्याच इसे इथल्या मंदिरातही दिसते. ते दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. मागची वेळ 2013ची. जुने मुख्य खांब मंदिराकडे नेणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या लाकडी कमानींना लागतात आणि पुढच्या वीस वर्षांनी तिथून सेकी आणि कुवाना या गावांतल्या कमानींना.

आजचं उदाहरण हवं असेल तर जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांची स्वित्झर्लंडच्या झुरिकमधली टामेडिया इमारत पाहा. सात मजली लाकडी सांगाडा, सांध्यांना पोलाद नाही. तिच्यातले खांब-तुळया मात्र लाकडाचे थर कायमचे चिकटवून केलेल्या आहेत, तेव्हा तिलाही आंधळेपणानं आदर्श मानू नका.

आता तुमचं टेबल. आधी काय खराब होईल? आपल्याकडे रोज फरशी पुसतात, म्हणजे पायांची टोकं. ती वेगळ्या तुकड्याची करा, बदलता येतील अशी. फळी पावसाळ्यात फुगते, तिला सरकायला जागा ठेवा. सांधे चिकटवू नका. एखाद्या जागी स्क्रू लागला तर बेलाशक लावा, फक्त पेचकस पोचेल असा. आणि शिक्षकांना टेबल दाखवताना ते त्यांच्यासमोर सुटं करा, एक पाय बदला आणि पुन्हा जोडा.