जबाब लिहिणाऱ्या हाताविषयी

सप्रेम नमस्कार,

पोलीस अंमलदार आणि नवे सहायक सरकारी अभियोक्ता यांचा कौटुंबिक हिंसाचारावरील वर्ग तुमच्याकडे आल्याचे वाचून बरे वाटले. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात पहिले दोन तास कलमांसाठी आहेत. ते अर्ध्या तासावर आणावेत, असे मी सुचवीन. कलमे पुस्तकात सापडतात, जबाब कसा घ्यावा हे सापडत नाही.

मी चालवलेल्या एका खटल्याच्या फिर्यादीत ‘किरकोळ घरगुती कारणावरून शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली’ एवढेच लिहिलेले होते. हे वाक्य तुम्हालाही पुन्हा पुन्हा भेटेल, कारण ते लिहिणाऱ्याच्या बोटांतच बसलेले असते. साक्षीच्या वेळी त्या बाईंनी सांगितले की, नवऱ्याने ओढणीने गळा आवळला आणि डोळ्यांपुढे अंधार आला. बचाव पक्षाच्या वकिलांनी शांतपणे जबाब पुढे करून ‘हे यात कुठे आहे?’ असे विचारले. ‘सांगितले होते, साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा,’ असे त्या म्हणाल्या. आरोपी सुटला.

म्हणून वर्गात प्रत्यक्ष जबाब लिहून घ्या आणि त्याच कागदावर अभियोक्त्यांना उलटतपासणी करायला लावा. गळा आवळल्याचा उल्लेख आला की आवाज बसला का, गिळताना दुखते का, शुद्ध हरपली होती का, हे विचारलेच पाहिजे, कारण गळ्यावर वळ दिसेलच असे नाही. आणि दवाखान्यात पाठवतानाच्या यादीत, म्हणजे डॉक्टरांना द्यायच्या पत्रात, नुसते ‘मारहाण’ लिहिले, तर तपासणीही बहुधा तेवढ्यापुरतीच होते.

दोन गैरसमज मात्र कलमे उघडूनच काढावे लागतील. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणजे कोर्टाचे काम, असे अनेक अंमलदार मानतात. पण त्याच कायद्याचे कलम ५ संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा हक्क यांची माहिती पीडितेला देण्याचे कर्तव्य पोलिसांवरही टाकते. दुसरे म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला लगाम घातला, गुन्हा नोंदवण्याला नव्हे; तरीही त्या निकालाचा दाखला देऊन बाईला ‘समजुतीने घ्या’ म्हणत परत पाठवल्याचे मी स्वतः पाहिले आहे. (समजूत नेहमी तिचीच का काढली जाते, हा प्रश्न वर्गात सहज म्हणून टाकून पाहा.) १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात हिंसाचारपीडित महिला आणि मुलांसाठी सुरू केलेल्या विशेष कक्षाचे काम आज राज्यभर पसरले आहे, तुमच्या जिल्ह्यातील कक्षाच्या समाजसेविकेला वर्गाला बोलवाच, कारण दार बंद करून तासभर ऐकून घेणे म्हणजे काय, हे तिच्याइतके आपल्याला येत नाही.

अभियोक्त्यांना एवढेच सांगा की, फिर्यादीला तारखेच्या सकाळी व्हरांड्यात पहिल्यांदा भेटू नका. ती साक्ष फिरवते तेव्हा आपण ‘फितूर’ म्हणून मोकळे होतो; पण आदल्या रात्री ती कुणाच्या घरी झोपली आणि मुलांची फी कोण भरतो, हे विचारले असते, तर त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १९ खाली निवासाचा आणि कलम २० खाली पोटगीचा आदेश वेळेत मागता आला असता. शिवाय संरक्षण आदेश मोडल्याचा गुन्हा, कलम ३२ प्रमाणे, तिच्या एकटीच्या साक्षीवरही सिद्ध होऊ शकतो. हे कित्येकांच्या ध्यानातच नसते.

वर्गात लिहिलेले जबाब जपून ठेवा आणि मला पाठवा. मी लाल शाईने तपासून देईन.

तुमची,
एक निवृत्त सरकारी अभियोक्ता